बदलीचा कान

"तुम्ही लिमिटेड आहात का, गेनर?" फोनवरच्या मुलीनं विचारलं आणि गेनर ॲक्रॉइडच्या हातातला टोस्ट तोंडाच्या वाटेवरच थांबला. मंगळवार, सकाळचे नऊ. एकसष्ट वर्षांत लोकांनी या बाईला नाही नाही ते विचारलं होतं, पण तू मर्यादित आहेस का असं विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यात ओळख ना पाळख आणि थेट नावानं हाक. "लिमिटेड असेल तुझी आजी," गेनर म्हणाली. पोरगी खळखळून हसली. जेड तिचं नाव, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत बसायची, आणि दिवसभर असल्या म्हाताऱ्यांशीच तिची गाठ असावी, कारण ती जराही चिडली नाही. "तसं नाही हो. तुम्ही आता कंत्राटी होणार ना, मग दोन दारं आहेत. एक म्हणजे छत्री कंपनी. कागदोपत्री तुम्ही तिच्या नोकर. आम्ही पैसे तिला देणार, ती सरकारचं आणि स्वतःचं कापून उरलेलं तुम्हाला देणार. रजा मिळते, आजारपणाचं मिळतं. दुसरं दार म्हणजे तुम्ही स्वतःची लिमिटेड कंपनी काढायची. मग तुम्ही मालकीण." गेनरनं टोस्ट बशीत ठेवला. "आणि यात फरक काय?" "लोक छत्रीच घेतात, सोपी पडते. फक्त नोकर म्हटलं की सोमवारी कानांची तपासणी करावी लागेल. सगळ्यांचीच करतात, घाबरू नका. लिमिटेड असाल तर आम्हाला तुमच्या कानाशी देणंघेणं नाही, ते तुमच्या कंपनीनं बघायचं. शुक्रवारी बारापर्यंत सांगाल?" गेनर हो म्हणाली. फोन ठेवताना तिच्या लक्षात आलं, की फोन आपण डाव्या कानाला धरला होता. मे महिन्यापासून तो डाव्याच कानाला जायचा, हाताला कुणी न सांगता. आणि वर, न्हाणीघरात, नळ चालू होता. बारीक, थंड पाण्याची धार. घरात ती एकटी होती आणि सकाळपासून दोनदा वर जाऊन ती तो नळ पिळून आली होती.

हॅलिफॅक्सच्या चढणीवरचं हे दगडी घर, एकाला एक चिकटलेल्या बारा घरांतलं सातवं. त्याच्या अंगात कुठून कुठे पाणी फिरतं हे तिला स्वतःच्या हातावरच्या शिरांसारखं पाठ होतं. कामच तसं होतं. चार फुटांची पोलादी सळई, तिच्या डोक्यावर लाकडाची छोटी वाटी. रस्त्यावरचं लोखंडी झाकण उचलायचं, सळई खालच्या तोटीवर टेकवायची, वाटी कानाशी लावायची आणि ऐकायचं. जमिनीखाली नळ कुठे फुटलाय, किती फुटलाय, कधीपासून. फुटका नळ ओरडत नाही. तो दात आवळून बोलणाऱ्या माणसासारखा बोलतो आणि त्यातला शब्द ओळखायचा असतो. बावीस वर्षं गेनरनं तो शब्द ओळखला. मे महिन्यात पाणी कंपनीनं ऐकणाऱ्यांचं खातंच बंद केलं, नऊ माणसांना केक खायला घालून घरी पाठवलं आणि नळांना चिकटवायला डबे आणले. डबे ऐकतात. पण त्यांना कळत काही नाही. दुधाची गाडी गेली तरी बोंबलतात. पाच महिन्यांत कंपनीची खोड मोडली आणि आता माणसाचे कान परत हवे होते. फक्त त्या कानांना जोडलेली माणसं पगारावर नको होती. ज्या दिवशी केक खाल्ला, त्या दिवशी घरी येऊन गेनर रडली नाही. ती सुटकेचा श्वास टाकून खुर्चीत बसली, कारण उजवा कान जायला लागलाय हे आता कुणाला कळणार नव्हतं. मग घर शांत झालं. काम संपलं, रस्ते संपले, सळई दाराआड गेली, आणि तरी कानात पाणी वाहतच राहिलं. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, की हे पाणी कामाचं नव्हतं.

संध्याकाळी लेक आली, किर्स्टी. उतारावर दोन गल्ल्या सोडून राहायची. चौतीस वर्षांची, नवरा नाही, मूल नाही, एक मांजर आणि आठवड्यातले तीन दिवस गावच्या वाचनालयातली नोकरी. बोलायची इतकी हळू, की गेनर तिला लहानपणापासून म्हणायची, तोंडात काय लोणी धरलंयस का. आता ते लोणी महागात पडायला लागलं होतं. किर्स्टी बोलायला लागली की गेनर तिच्या ओठांकडे बघायची, आणि ओठांकडे बघताना स्वतःची आई आठवायची, मागांच्या खडखडाटात बहिरी झालेली, गिरणीतल्या सगळ्या बायकांसारखी नुसते ओठ हलवून बोलणारी. "छत्रीच घे, आई," किर्स्टी म्हणाली. "तुला कागद झेपत नाहीत. ते लोक सगळं बघतात. हे बघ." तिनं फोन टेबलावर ठेवला. काचेवर एक निळी मिटलेली छत्री आली, गर्रकन फिरली आणि उघडली. गेनरनं फोन पालथा घातला. "घरात छत्री उघडू नकोस." "आई, चित्र आहे ते." "चित्रातली झाली म्हणून काय? तुझी आजी असती तर चिमट्यानं धरून बाहेर टाकला असता तुझा फोन." किर्स्टी हसली, पण फोन तिनं पालथाच राहू दिला. घरात छत्री उघडली की घरातलं कुणीतरी जातं, हे सासूचं म्हणणं होतं. गेनरनं ते कधी मानलं नव्हतं आणि मोडलंही नव्हतं. क्लिफनं मात्र एकदा ओली छत्री शेकोटीसमोर उघडून वाळत घातली होती. तिनं बघितलं तेव्हा ती वाळलीसुद्धा होती. त्या फेब्रुवारीत क्लिफ गेला.

क्लिफ तिचा नवरा. सळई मूळची त्याची. गेनर तेव्हा गिरणीत रफू करायची, विणून आलेल्या कापडावरून डोळे मिटून बोटं फिरवायची आणि गाठ लागली की सुईनं ती अशी बुजवायची, की विणणाऱ्यालाही सापडू नये. शाळा पंधराव्या वर्षी सुटली होती, नव्हे, शाळेनंच तिला सोडलं होतं. अक्षरं तिच्यापुढे मुंग्यांसारखी पळायची. कुणी कागद पुढे केला, की ती भुवया जरा आवळायची, मान दोनदा हलवायची, बोट ओळीखालून सरकवायची आणि म्हणायची, बरोबर आहे. हा चेहरा तिनं आयुष्यभर घासूनपुसून तयार केला होता, आणि म्हणूनच तो तिला नवऱ्याच्या तोंडावर दिसला तेव्हा तिनं लगेच ओळखला. एका रविवारी सकाळी ती त्याचा डबा द्यायला गेली, तर क्लिफ रस्त्यात ओणवा, वाटी कानाला लावलेली, भुवया जरा आवळलेल्या, मान दोनदा हलली. न वाचता वाचल्याचं सोंग करणाऱ्याचा चेहरा. "ऐकू येत नाही ना तुला?" ती म्हणाली. क्लिफनं वर बघितलं नाही. "दे इकडे," ती म्हणाली. वाटी कानाला लागली आणि रस्त्याखालचं सगळं गाव तिच्या डोक्यात शिरलं. कुणाची तरी किटली भरत होती, कुणी संडासची साखळी ओढली, आणि या सगळ्याच्या मागे, डावीकडे, भिंतीपलीकडे कुणीतरी दात आवळून बोलत होतं. "तिथे," तिनं बोट दाखवलं. खणलं, तर तिथेच.

मग अकरा महिने असंच चाललं. ती ऐकायची, तो रस्त्यावर निळ्या रंगाची फुली मारायचा आणि कागदावर सही करायचा. शोधणारा : सी. ॲक्रॉइड. ऐकणारी कुठेच नव्हती. "म्हणजे मी ऐकायचं आणि नाव तुझं," ती एकदा म्हणाली होती, आणि क्लिफ म्हणाला होता, "आडनाव एकच आहे की ग." आणि रोज संध्याकाळी, पोरीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, तो खुर्चीतून हळूच म्हणायचा, "गेनर, नळ चालू आहे ग कुठेतरी." ती उठायची. मोरीतला, बेसिनचा, टबाचा, मागच्या अंगणातला. सगळे घट्ट. पिळून पिळून आतल्या रबरी चकत्या झिजल्या, तेव्हा खरोखरच गळायला लागले. मग एका सकाळी क्लिफ म्हणाला, "थांबला." चेहरा मोकळा झाला, आणि मग त्यानं बायकोकडे असं बघितलं, जसं उष्टं अन्न दुसऱ्याच्या पानात पडल्यावर माणूस बघतो. तिला वाटलं, बरं वाटतंय त्याला. आठवड्यानं तो गेला. महिन्यानं पाणी कंपनीनं तिला बोलावलं आणि सळई हाती दिली. तेव्हापासून तिच्या कानात कायम थोडं पाणी असायचंच. आईच्या कानात माग राहिले होते, तसं हे कामाचं पाणी राहिलं असेल, असं तिनं धरून टाकलं. बावीस वर्षं.

बुधवारी ती नेव्हिल क्रॅबट्रीकडे गेली. हा तिच्याबरोबरच केक खाऊन घरी गेलेला, पण महिन्याभरात स्वतःची कंपनी काढून बसलेला. गाडीच्या दारावर स्वतःचं नाव आणि पुढे लिमिटेड, हातभर अक्षरांत. कानामागून आला आणि तिखट झाला. गेनरहून तो दहा वर्षांनी धाकटा, आणि शिकलाही तिच्याच हाताखाली. "या संचालकबाई," तो म्हणाला. "अजून झाले नाही मी संचालक. तू आधी बूट पुसून घे, संचालक." त्यानं चहा केला आणि हात पसरून समजावलं. "सोपं आहे ग. नोंदवहीत नाव घालायचं. तुझ्या घराचा पत्ता. एकदा नोंद झाली की कंपनी वेगळी आणि तू वेगळी. तू मेलीस तरी ती मरत नाही. तिला वेगळं मारावं लागतं, अर्ज करून." "आणि माझ्या घरात राहणार ती?" "पत्रं येतात तिला. बाकी काय, खात नाही पीत नाही." तो हसला. गेनर हसली नाही. तिला जिना दिसला, आणि जिन्यावरून कुणीतरी तिचंच नाव घेऊन हळूच वर गेलेलं. "पण एक गोष्ट आहे," नेव्हिल म्हणाला, "बदली माणूस लिहावा लागतो. तुझ्या जागी कोण जाईल त्याचं नाव." "माझ्या जागी कोण जाणार? हे काय कणसं खुडायचं काम आहे?" "तेच तर. तूच यायला हवीस असं असेल, तर सरकार म्हणतं, तू नोकरच. तुझ्या जागी कुणीही चालत असेल, तर तू कंपनी. सरकारला पटलं पाहिजे की तू धंदा आहेस, माणूस नाहीस." "तू कुणाचं लिहिलंस?" "मेव्हण्याचं." "तो न्हावी आहे." "असू दे की. कानाभोवतीच काम करतो."

परतताना चढ चढेपर्यंत तिच्या डोक्यात ते नुसतं घुमत राहिलं. बदली माणूस. म्हणजे ती स्वतः काय होती त्या अकरा महिन्यांत? कुणी नोंद केली नव्हती, अर्ज केला नव्हता, तरी क्लिफ ॲक्रॉइड तेव्हाच मर्यादित झाला होता आणि ती त्याच्या जागी जात होती. छत्री घेतली तर सोमवारी कुणीतरी पोरगा कानांवर यंत्र चढवणार, बटण हातात देणार आणि म्हणणार, आवाज आला की दाबा. मग ती भुवया जरा आवळणार. मान दोनदा हलवणार. यंत्राला सोंग कळत नाही असं नाही, उलट यंत्रालाच कळतं. आणि मग गावभर होणार, ॲक्रॉइडबाईचे कान गेले. जिच्यापुढे अख्खी पाणी कंपनी टोपी काढून उभी राहायची, तिचे. लिमिटेड घेतली तर कुणी विचारणार नव्हतं. फक्त एक नाव लिहायचं होतं.

गुरुवारी तिनं सळई जुन्या पडद्यात गुंडाळली आणि लीड्सची बस धरली. "मासे धरायला निघालात का, बाई?" ड्रायव्हर म्हणाला. "हो, तुझ्याएवढा एखादा गावला तर बघते." का निघाली होती हे तिनं कुणाला सांगितलं नसतं. जिची नोकर व्हायचं तिचं घर एकदा बघावं, एवढंच. किर्स्टीनं त्या छत्री कंपनीचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून दिला होता. स्टेशनामागची गल्ली. एका बाजूला नखं रंगवायचं दुकान, दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं बॅगांचं. मधे एक दार. दाराशेजारी पाटी, आणि पाटीवर नावंच नावं, मुंग्यांची रांगच रांग. बोट सरकवत सरकवत चौथ्या रांगेत तिला ते नाव सापडलं. बाकीची शंभर तरी असतील. घंटा वाजवली. आतून काही हललं नाही. पुन्हा वाजवली. दाराच्या फटीतून पत्रांचा ढीग दिसत होता, निवांत, दुलईसारखा. तिनं इकडेतिकडे बघितलं, फूटपाथवरचं झाकण चावीनं उचललं आणि सळई खाली सोडली.

घर भरलेलं आहे की रिकामं, हे तिला झाकणावरून कळायचं. माणूस झोपलेला असला तरी घर थोडं पाणी पितं. टाकीचा गोळा हलतो, कुठे थेंब पडतो, कुणी पेला विसळतं. आधी तिनं डावा कान लावला. काही नाही. इथे कागदावर हजारो माणसं कामाला होती आणि त्यांतल्या एकानंही हात धुतले नव्हते. लोखंड इतकं गप्प तिनं कधी ऐकलं नव्हतं. थडग्यावर सळई टेकवावी तसं. मग तिनं वाटी उजव्या कानाला लावली, आणि वर, दुसऱ्या मजल्यावर, नळ चालू होता. बारीक, थंड पाण्याची धार. तिच्या घरचीच. तिनं कान काढला. डावा लावला, गप्प. उजवा लावला, धार. जणू ती बसमध्ये शेजारी बसून, तिकीट न काढता, तिच्याबरोबर आली होती. नखांच्या दुकानातून तोंडावर फडकं बांधलेली एक मुलगी बाहेर आली. "काय हरवलं का हो आजी?" "वर कुणीतरी नळ चालू ठेवलाय." "वर?" मुलीनं फडकं खाली केलं. "वर पाणीच नाही. तीन वर्षं झाली, जोडच कापलाय. आम्ही मागून घेतो." "आणि ही माणसं?" गेनरनं पाटीकडे बोट केलं. "कुठली माणसं? टपाल येतं नुसतं. महिन्यातून एकदा एक जण येऊन पोतं भरून नेतो." मुलीनं तिच्याकडे, मग सळईकडे बघितलं. "बसा आत घडीभर. चहा देऊ?" गेनर नको म्हणाली. तिनं झाकण लावलं. ती झाकण पायानं दाबत राहिली, खालून कुणी ते उचलू बघत असल्यासारखी.

बसमध्ये तिनं खिडकीच्या काचेला उजवा कान टेकवला आणि सगळी वाट क्लिफचं बोलणं ऐकत आली. नळ चालू आहे ग कुठेतरी. किती सोपं होतं तेव्हा उठून पिळून येणं. तेव्हा तो त्याचा होता.

शुक्रवारी नऊ वाजताच किर्स्टी आली, कस्टर्ड भरलेल्या पेस्ट्रीचे दोन तुकडे घेऊन. "काय ठरलं? छत्री ना?" "कस्टर्ड ठेव आणि बाहेर चल." "थंडी आहे, आई." "थंडीनं वितळणार नाहीस." दारासमोरचं झाकण तिनं उचललं, सळई लेकीच्या हातात दिली आणि स्वतः आत गेली. वर गेली. टबाचा नळ इतका थोडा सोडला, की धार रफूच्या सुईएवढी व्हावी. खरी धार होती ही, बोट लावलं तर ओलं होत होतं. गेनर बघत होती आणि तिला ती ऐकू येत नव्हती. दुसरी येत होती. दोन्ही धारा एकाच नळातून पडत होत्या आणि तिच्या वाट्याला खोटी आली होती. ती खाली आली. "ऐक." किर्स्टी ओणवी झाली. केस मागे सारले, वाटी कानाला लावली आणि डोळे मिटले. भुवया आवळल्या नाहीत. मान हलली नाही. चेहऱ्यावरून एकेक गोष्ट गळून पडत गेली आणि नुसतं ऐकणं उरलं. गेनरला भीती वाटली, आणि भीतीहून मोठा अभिमान. "वर," किर्स्टी म्हणाली. "न्हाणीघरात. टबाचा. तुझ्या त्या सुईएवढा. आणि आई, खाली उतारावर कुणाकडे तरी… हे काय आहे? कुणीतरी पुटपुटतंय." "कितवं घर?" "तिसरं? नाही, चौथं." "तिथे गळतंय," गेनर म्हणाली. "बावीस वर्षांत नेव्हिल क्रॅबट्रीला जे जमलं नाही ते तुला पहिल्या फटक्यात." किर्स्टी हसत होती, नाक लाल झालेलं, लहानपणी बर्फ पडल्यावर हसायची तशी. "अख्खं गाव आहे ग खाली."

मग टेबल, कागद, पेन. गेनरनं सांगितलं आणि किर्स्टीनं लिहिलं. कान गेल्याचंही सांगितलं, खिडकीकडे बघत, भाव वाढल्याचं सांगावं तसं. किर्स्टी उठून आईच्या डाव्या बाजूला येऊन बसली, आणि ते गेनरला सगळ्यात जास्त लागलं. "छत्री नको," गेनर म्हणाली. "तिथे माझे कान बघतील. कंपनी काढू. ॲक्रॉइड लिमिटेड. तू सोमवार-मंगळवार ये, वाचनालय नसतं तेव्हा. मी बरोबर चालेन, फुली मी मारेन, सही माझी." "आणि बदली माणूस?" "लिही तुझं नाव." पेन कागदावर चाललं. मुंग्यांच्या रांगेत गेनरला एवढा एक शब्द ओळखता आला. "म्हणजे," किर्स्टी थट्टेनं म्हणाली, "मी ऐकायचं आणि नाव तुझं." "आडनाव एकच आहे की ग," गेनर म्हणाली, आणि जीभ दातांखाली आली. हे तिचं वाक्य नव्हतं. ते तोंडात आलं कुठून? बारा वाजायला वीस मिनिटं होती. किर्स्टी उठली, कप मोरीत नेले, विसळले, नळ बंद केला. आणि तशीच उभी राहिली, ओले हात तसेच धरून, मान जरा कलती.

"आई, वरचा नळ बंद केलास ना?"

केला होता. पितळेचा वास अजून तिच्या तळव्याला होता. "केला," ती म्हणाली. "नाही ग," किर्स्टी म्हणाली, हळूच, तोंडात लोणी धरल्यासारखी. "चालू आहे." आणि हात पुसत जिन्याकडे वळली. "बस खाली!" गेनर ओरडली. त्या घरात इतक्या मोठ्यानं क्लिफ गेल्यापासून कुणी ओरडलं नव्हतं. किर्स्टी थांबली, पण तिचा चेहरा आईकडे नव्हता, जिन्याकडे होता. "अगं, पाणी वाया जातंय," ती म्हणाली आणि वर गेली. गेनरनं कागद ओढला. नाव असलेला तुकडा फाडला, मुठीत चुरगाळला, शेगडीच्या ज्योतीवर धरला. बोट भाजलं तरी सोडला नाही. मग फोन लावला, बारा वाजायला दहा कमी होते.

"जेड? ॲक्रॉइड बोलतेय."

"गेनर! काय ठरलं मग? छत्री की लिमिटेड?"

"लिमिटेड."

"छान! कंपनीचं नाव काय ठेवलंत?"

"कंपनी नाही. मी. मी आहे लिमिटेड. उजव्या कानानं पूर्ण आणि डाव्यानं अर्धी. काम नको, कंपनी नको, बदली नको. माझं नाव काढून टाक यादीतून. आणि ॲक्रॉइड नावाचं दुसरं कुणी आलं, तर तेही काढ."

पलीकडे की-बोर्डची टकटक थांबली. "म्हणजे… छत्री लिहू का?"

"काही लिहू नकोस, पोरी," गेनर म्हणाली. इतक्या वर्षांत एवढ्या नरम आवाजात ती कुणाशी बोलली नव्हती. "काहीही लिहू नकोस."

तिनं फोन ठेवला. आणि घड्याळ ऐकू आलं. भिंतीवरचं, सासूच्या वेळचं, जे कधीचं बंद पडलंय असं ती धरून चालली होती. टिक. टिक. डाव्या कानात. उजव्या कानात काहीच नव्हतं. तिनं तळवा कानावर दाबला, काढला. पुन्हा दाबला. धार नव्हती. बावीस वर्षांत पहिल्यांदा घर कोरडं होतं, पार तळापर्यंत, लीड्सच्या त्या दारासारखं. मोरीवरच्या खिडकीच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, मोकळा झालेला, आणि मग त्या चेहऱ्यानं जिन्याकडे असं, क्लिफसारखं, बघितलं, की तिनं मान खाली घातली.

वर पावलं वाजत होती, तिला ती फक्त पायांतून कळत होती. बेसिनकडे. पिळला. टबाकडे. पिळला. थांबली. पुन्हा बेसिनकडे.

"आई," किर्स्टीनं वरून हाक मारली, "कुठला ग?"